बोटावरची अफू

लालबागच्या आमच्या चाळीतल्या तान्ह्या पोरांइतकं गाढ झोपणारं जगात कुणी नसेल. गणपतीचे ढोल उशाशी वाजले तरी हलायची नाहीत. एकदा तर शेजारची अख्खी भिंत कोसळली आणि पाळण्यातल्यानं फक्त कूस बदलली. कारण साधं होतं. आया मिलमध्ये जायच्या, आणि जाण्याआधी मोहरीएवढी अफू दुधात कालवून बोटानं पोराच्या जिभेवर फिरवायच्या. परवान्याच्या दुकानात उघड मिळायची. खोकला, हगवण, अंगदुखी, सगळ्यावर तीच. आजोबा सांगायचे, चीनला अफू विकून अर्धी मुंबई बांधली. उरलेली अर्धी, मी सांगतो, आमच्या आयांनी पोरं झोपवून चालवली.

माझी आई मिलच्या वायंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला. तिच्या हाताखाली तुटायला धागाही घाबरायचा. धाकट्या भावाला ती अशीच झोपवून जायची.

तो मोठा झाला, मिलमध्ये बदली कामगार म्हणून लागला, आणि गिरण्यांचा ब्याऐंशीचा संप आला. सुरुवातीला भाऊ कॅरमचा बादशहा. स्ट्रायकरकडे नुसते डोळे वटारले की राणी खिशात. मग चिंचपोकळीच्या पुलाखाली बसायला लागला. चंदेरी कागदावर भुकटी, खाली पेटती काडी, तोंडात नळी. गर्द. संप संपला असं कुणी कधी सांगितलंच नाही, आणि भाऊही तिथून उठला नाही. पितळेची भांडी गेली, आईची जोडवी गेली. शेवटी त्याला उचलून आणला, तेव्हा एका हातात मावला. हे वाढवून सांगत नाही.

सुतकात भेटायला आलेले चाळीखालच्या दवाखान्यातले कंपाउंडर बोलून गेले, "गर्द म्हणजे तरी काय हो, अफूच. फक्त शिकून आलेली."

आई तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"म्हणजे माज्याच बोटान त्याका चव लागली रे."

"काहीतरीच काय आये! तसं असतं तर अख्खी चाळ पुलाखाली बसली असती. मला नाय दिलीस? मला कसली चव लागली?"

"थापांची," ती म्हणाली. हसलीसुद्धा. पण त्या दिवसापासून ती ते बोट दुमडून जेवायला लागली. घासातली शितं खाली सांडायची. सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, बोट उघडलं नाही.

पुढे तिच्या हाडांत कॅन्सर उतरला. कुशीवर वळवायला गेलं तरी किंचाळायची. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या. मी एक तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली.

"ह्यात अफू आसा काय रे?"

जन्मभर मी थापा मारल्या. कोळ्यांना समुद्र विकला, हिंदमाताच्या दुकानदारांना साड्या विकल्या. त्या दिवशी एकच थाप हवी होती.

"नाय आये. दुखण्याची गोळी आहे."

तिनं गोळीवरची नजर उचलून माझ्याकडे पाहिलं.

"झिला, खरा सांगतंस तेव्हा तू हत्ती-घोडे नाचवतंस. आज एकदम साधा बोललंस."

गोळी तिनं माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली. पुन्हा कधी घेतली नाही. ती कण्हत राहिली आणि मी शेजारी बसून मोठमोठ्या थापा ठोकत राहिलो. तिला तेवढंच औषध चालत होतं.

शेवटची आंघोळ घालताना मी ते बोट सरळ करायला गेलो. ते सरळ होईना.