तिसरा वार आपला नाही

हात आधी तळाशी. टोमॅटोचं क्रेट समोर आलं की वरच्या लालबुंद फळांकडे काका बघायचेसुद्धा नाहीत. बाही कोपराच्या वर सारायची, हात थेट खाली घालायचा आणि तळाचं एक फळ काढून सगळ्यांना दाखवायचं. चांगलं निघालं तर शेतकऱ्याला हसून "सलाम, पाटील!" खराब निघालं तर ओरडणं नाही, शिवी नाही. एवढंच म्हणायचे, "वरचं सगळ्यांचंच चांगलं असतं."

पंचवटीतल्या भाजीबाजारात एका आडत्याकडे आम्ही दोघं कामाला होतो. ते लिलाव पुकारायचे, मी शेजारी बसून शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या लिहायचो. नव्वदीची सुरुवात असेल. ते ख्रिस्ती, राहायचे शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत. म्हणून सगळा बाजार त्यांना पाद्री म्हणायचा. ते पाद्री नव्हते. पाद्र्याचा आवाज एवढा दणदणीत असता तर देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, कुणाला डुलकी घेता आली नसती. तोंडावर मी त्यांना काका म्हणायचो.

लिलावात त्यांच्याइतका घाईचा माणूस मी पाहिला नाही. "एक वार दोन वार तीन वार!" सगळं एका दमात, आणि तिसऱ्या वाराला सौदा संपला. व्यापाऱ्याला डोकं खाजवायला सवड मिळायची नाही. "टोमॅटो थांबत नाही, बाबा," म्हणायचे. पण गोष्ट माणसाची आली की हाच गृहस्थ असा काही संथ व्हायचा, की माझ्यासारख्या उतावळ्याचं डोकं फिरायचं.

एकदा एका शेतकऱ्याच्या क्रेटात वर सोनं आणि खाली नुसता चिखल निघाला. त्याच शेतकऱ्याची ही दुसरी खेप. आमचे शेठ, म्हणजे तो आडत्या, तसे मनाचे वाईट नव्हते, पण रागावले की नाकाचा शेंडा टोमॅटोच्या वरताण. ते कडाडले, "याचा माल पुन्हा या गाळ्यावर उतरायचा नाही!"

काका शांतपणे हात पुसत म्हणाले, "शेठ, दोन वार झाले समजा. तिसरा वार आपला नाही."

"मग कोणाचा?"

"वरच्याचा. आणि तोही अजून म्हणत नाही. बघा ना, तुम्ही-मी अजून इथेच आहोत."

शेठ तणतणत गादीवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तो शेतकरी आला आणि कुणी सांगायच्या आधीच त्याने आपलं क्रेट पोत्यावर उपडं केलं. सगळा माल चांगला होता.

मला मात्र हे पटायचं नाही. "काका, लबाडाला लबाड म्हणायचंच नाही का?" मी विचारायचो.

"म्हणायचं की. आधी स्वतःच्या क्रेटात हात घालून मग म्हणायचं."

असं बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ऐकायला गोड वाटतं, पण मनात येतं, याला काय जातंय म्हणायला? माझ्याही मनात यायचं.

मग एका वर्षी ते मला हंगामाच्या सणाला घेऊन गेले. त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या लोकांची, पद्धत अशी, की उपासना संपली की देवळाच्या आवारात मोठं टेबल मांडायचं. ज्याच्या घरी जे पिकतं, जे शिजतं, ते त्यावर आणून ठेवायचं. पपया, अंडी, केक, लोणच्याची बरणी, पाय बांधलेला एखादा संतापलेला कोंबडा. त्याचा लिलाव करायचा, पैसे देवळाला. एखाद्या लिंबावर दोघं असे हट्टाला पेटायचे, की विचारू नका. आणि जिंकलेलं लिंबू परत टेबलावर, पुन्हा लिलावाला! पुकारायला अर्थातच काका. पण इथे त्यांना घाई नव्हती. "एक वार... दोन वार... दोन वार म्हणतोय मी... अहो बाई, लोणचं तुमच्याकडेच बघतंय!" टेबल रिकामं झालं, लोक जेवायला वळले, तरी ते स्टुलावर उभेच. नजर फाटकाकडे. पुढच्या वर्षीही तसंच. त्याच्या पुढच्या वर्षीही.

शेवटी मी चहाच्या टपरीवर विचारलंच. "काका, फाटकातून कोण यायचंय?"

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "माझा धाकटा भाऊ. आईच्या मातीला तो पिऊन आला होता. आमच्यात तीन मुठी माती टाकतात. माझी तिसरी मूठ टाकून झाली आणि मी सगळ्या मंडळीसमोर वळून म्हणालो, याचेही आज तीन वार झाले. हा माझा भाऊ नाही. तो तसाच निघून गेला पेठ गावाला. तिकडेच शेती करतो."

"पिऊन आला म्हणजे चूक त्याचीच, काका."

"आईला शेवटचे सहा महिने मी पाहिलं नव्हतं. लिलावाचा हंगाम आहे म्हणायचो. तिचं हगणं-मुतणं त्याने काढलं. त्या दिवशी वास त्याच्या तोंडाला येत होता, माझ्या नाही. एवढाच काय तो फरक. मला माझी लाज झाकायची होती, मी त्याच्या अंगावर ओतली."

तळाशी हात घालण्याची सवय कुठून आली, ते मला त्या दिवशी कळलं.

"मग जा ना पेठला. माफी मागा."

"गेलो होतो. स्टँडवर चहा प्यायलो आणि त्याच गाडीने परत आलो." ते स्वतःच हसले. "भीती वाटली. आणि दुसरं असं, की जे चारचौघांत तोडलं ते चारचौघांतच जोडायला पाहिजे. एकांतात मागितली तर माफी फार स्वस्तात पडते."

म्हणून दर सणाच्या आधी पेठकडून भाजी घेऊन येणाऱ्या जीपवाल्याकडे ते निरोप धाडायचे, "दादाने बोलावलंय." उत्तर कधीच यायचं नाही. जीपवाला बिचारा त्यांची नजर चुकवायला लागला होता.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. काकांचे केस पांढरे झाले, आवाज तेवढा तसाच. त्या वर्षीच्या सणाला मीही गेलो होतो. टेबल रिकामं झालं आणि मागून हातोहात एक डांगर येऊ लागलं. लाल भोपळ्याला आमच्याकडे डांगर म्हणतात. हे तर चांगलं मांडीवरच्या मुलाच्या वजनाचं होतं. काकांनी ते घेतलं, सवयीने खालून हात फिरवला आणि विचारलं, "कुणाचं आहे?"

"पेठचं," मागून आवाज आला.

फाटकाशी एक काळासावळा, वाळका माणूस टोपी हातात धरून उभा होता. तोंडवळा काकांचाच.

काकांचा तो दणदणीत आवाज पार बसला. पण स्टुलावरून ते उतरले नाहीत. "मंडळी," ते म्हणाले, "आईच्या मातीला तुम्ही होतात. मी याला संपवला होता. तो अधिकार माझा नव्हता. आईला याने सांभाळलं, मी नाही. दोष माझा होता आणि शिक्षा मी याला दिली. तो तिसरा वार मी तुमच्यासमोर परत घेतो." मग भावाकडे बघून म्हणाले, "मला क्षमा कर रे."

आता हा भाऊ काय म्हणतो? तोंड फिरवून गेला तर?

भाऊ पुढे आला. स्टुलाशी उभा राहून वर बघत म्हणाला, "दादा, आधी डांगर इक ना. हात भरून येतील तुजं."

असा हशा मी त्या आवारात पुन्हा ऐकला नाही. हसता हसता बायका डोळे पुसत होत्या. काका खाली उतरले, दोघं एकमेकांना बिलगले, पण मध्ये डांगर असल्यामुळे मिठी काही नीट जमेना. आणि ते खाली ठेवायचं दोघांनाही सुचेना! शेवटी पाळकसाहेबांनी, म्हणजे खऱ्या पाद्र्यांनीच, ते काढून घेतलं. मग त्या डांगराचा जो लिलाव झाला! घेणारा परत द्यायचा, परत बोली लागायची. काका पुन्हा स्टुलावर चढले होते. "तीन वार!" असे गरजले, की देवळावरची कबुतरं उडाली. संध्याकाळी त्याच डांगराची भाजी सगळ्यांनी खाल्ली. माझ्या आयुष्यात मी इतकी चविष्ट भाजी खाल्लेली नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्यात मीठ जरा जास्तच झालं होतं.

त्यानंतर दर सणाला दोघं भाऊ टेबलाशी असायचे. एक पुकारायचा, दुसरा वस्तू उचलून दाखवायचा.

काही वर्षांनी काका गेले. झोपेतच. त्यांच्या मातीला अर्धा बाजार आला होता. हमाल, शेतकरी, पेठचा जीपवाला, आमचे शेठसुद्धा. मंडळीने, मेलेले पुन्हा उठतील असं, पुनरुत्थानाचं गाणं धरलं होतं, तेही लग्नघरासारखं खड्या आवाजात. भाऊ पुढे झाला. एक मूठ माती टाकली. दुसरी टाकली. तिसरी मूठ भरली आणि हात तसाच मिटून उभा राहिला.

फावडं घेऊन थांबलेला माणूस हळूच म्हणाला, "तिसरी मूठ राहिली."

"राहू दे," भाऊ म्हणाला. "दोन वार झालं. तिसरा आपला नाय."

माझी पाळी आली, तेव्हा मीही दोनच मुठी टाकल्या. माझ्यामागे शेठ होते. त्यांना गुडघ्यांमुळे वाकवत नव्हतं, म्हणून मी हाताला धरलं. त्यांनी एक मूठ टाकली, दुसरी टाकली, आणि हात झटकून ते गाणाऱ्यांत जाऊन उभे राहिले.