सोड्याचा दाब आणि नवा जावई

माझ्या हातून एका लग्नाची कशी फजिती झाली, ते ऐकाच. लग्न परक्याचं हो. माझं स्वतःचं नुकतंच सुखरूप पार पडलं होतं.

माझ्या सासऱ्यांचा मुरुडला सोडावॉटरचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, नारळाच्या वाडीत एक पत्र्याची शेड, बाटल्या भरायचं यंत्र आणि गॅसचा सिलिंडर. मी अलिबागला कचेरीत कारकून, त्यात नवा जावई. तेवढ्यावर ह्याला सगळं येतं असं सासुरवाडीत ठरून गेलं होतं. मीही कधी नाही म्हटलं नाही.

सिलिंडरमधला गॅस बेताच्या दाबानं यंत्रात सोडतो तो रेग्युलेटर बिघडला, म्हणून सासऱ्यांनी मुंबईहून नवा मागवला. जुना शहाळ्याएवढा होता, हा पेरूएवढा. समोर पिळायची मूठ, वर काट्याची तबकडी. सासरे हात लावायला कचरत होते. मी म्हटलं, त्यात काय, नळच आहे हा.

कोळीवाड्यातल्या एका लग्नाला सोडा द्यायचा होता. सासरे म्हणाले, "जावईबापू, दाब जरा कमी करा."

मी मूठ उजवीकडे पिळली. नळ असाच बंद होतो ना? काटा वर चढला. मला वाटलं, किती बंद झालं ते दाखवतोय. तेवढ्यात यंत्राच्या जाळीत एक बाटली फुटली. मी काचेला दोष दिला. दुसरी फुटली, तेव्हा दाब अजून कमी करायला हवा म्हणून मूठ आणखी पिळली.

रेग्युलेटरची मूठ नळाच्या उलटी चालते, उजवीकडे पिळली की दाब वाढतो, हे मला कळलं ते थेट मांडवात.

बाटलीच्या तोंडातली गोटी आत ढकलल्याशिवाय सोडा निघत नाही, आणि गोटी काही हलेना. पाहुण्यांचे अंगठे लाल झाले. शेवटी नवऱ्याच्या मामांनी, जाळी ओढून कमावलेल्या हातानं, गोटीवर बुक्की हाणली. कारंजं उडालं. मामांची टोपी गेली, भटजींचं पंचांग भिजलं, विहीणबाईंचं नवं लुगडं अंगाला चिकटलं. वाईट एवढंच झालं की बुक्कीची युक्ती सगळ्या मांडवाला समजली.

मामा तोंड पुसत सासऱ्यांना म्हणाले, "शेठ, ह्यो सोडा हाय का दारूगोळा?"

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे. बिचाऱ्यांनी हात जोडून चूक आपल्यावर घेतली.

आम्ही परत निघालो, तेव्हा सासरे एसटीच्या खिडकीशी येऊन मुलीला हळूच म्हणाले, "घरात स्टो तूच पेटवत जा. ह्यांना पंपाला हात लावू देऊ नको."

तिनं ते आजतागायत पाळलंय. तेव्हा मंडळी, जरा बसा. ती बाजारातून आली की चहा मिळेल.