पिवळ्या पट्ट्याची उपजाती

आता तुम्हीच सांगा, सख्ख्या पुतण्याच्या लग्नघरी काकानं काय बघावं? पाहुणे! मी बघत बसलो फुलपाखरं. आणि त्यापायी दिघीच्या एका लग्नाचा मांडव आमच्या तळा गावातच अडकवून ठेवला. ऐकाच.

मला फुलपाखरांचा नाद. आमचा जिल्ह्याचा ग्रुप आहे. त्यात मी कुठलाही फोटो टाकला, की खाली अलिबागच्या शेख मॅडम एकच शब्द लिहितात, 'कॉमन'. बाईंचा अभ्यास दांडगा, कबूल. पण माणसानं किती दिवस कॉमन राहायचं? एकदा तरी त्यांनी 'अरे वा!' लिहावं, एवढीच माझी इच्छा.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवात खुर्ची टाकून बसलो होतो. अंगणातला कढीलिंब मांडवाच्या कापडाखालीच आला होता. त्यावर कॉमन मॉर्मन भिरभिरत होतं. काळं फुलपाखरू, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा, दारोदारी दिसतं. बघतो तर काय, पट्टा पिवळा! अगदी हळदीसारखा!

उपजाती ओळखायच्या तर असंच बारीक बघावं लागतं. मुलूख बदलला की पट्ट्याची रुंदी बदलते, ठिपक्यांची छटा बदलते. पुस्तक चाळलं. आपल्या भागात असल्या पिवळ्या पट्ट्याची उपजाती नाहीच. म्हणजे नवी! मांडवाबाहेरच्या लिंबोणीपाशी जाऊन पाहिलं, तर तिथली सगळी पांढऱ्या पट्ट्याची. अंगावर काटा आला हो! एकाच अंगणात दोन उपजाती, आणि एकमेकांत मिसळत नाहीत!

फोटो ग्रुपवर टाकला. मॅडमचं उत्तर आलं, "उद्या माणगावला कामासाठी येतेय. वाट वाकडी करून बघून जाते."

'कॉमन' नाही म्हणाल्या! पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले.

सकाळी बाळू मांडववाला मांडव सोडायला आला.

"हात लावायचा नाही!" मी आडवा झालो.

"सर, सांच्याला दिघीला लगीन हाय. मांडव न्ह्यायला नको?"

"इथं दुर्मीळ जीव आहे, बाळू."

"मंग तिकडं नवरदेवाला काय उन्हात उभा करू?"

आतून आमची ही म्हणाली, "अहो, पाखरू झाडावर बसतं, कापडावर नाही. सोडू द्या त्याला."

"तुला उपजातींमधलं काय कळतं?" मी खेकसलो.

मॅडम दुपारी आल्या. बाळू खांबाला टेकून घड्याळ बघत होता. बाहेरच्या लिंबोणीवर एक मॉर्मन बसलं होतं.

"हे साधं," मी म्हणालो. "खरा माल आत आहे."

तेवढ्यात ते साधं उडालं, मांडवात शिरलं आणि डोळ्यांदेखत पिवळ्या पट्ट्याचं झालं! मग बाहेर गेलं, पुन्हा पांढरं.

मॅडमनी वर पाहिलं. वर पिवळंधमक कापड, त्यातून झिरपणारं ऊन. मग माझ्याकडे पाहिलं. ग्रुपच्या फोटोत शोभावा म्हणून मी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता.

"आता सोडू काय?" बाळूनं विचारलं.

"जरा थांबा," मॅडम मोबाइल काढत म्हणाल्या. "सर, तुम्ही तिथंच उभे राहा."

माणगावला पोहोचायच्या आत त्यांनी फोटो ग्रुपवर टाकला. पिवळा सदरा, पिवळं तोंड, असा मी. खाली लिहिलं होतं, 'अरे वा! नवी उपजाती. फक्त मांडवात आढळते. उन्हात आणली की कॉमन.'