साडूची गच्ची

साडूने नाशिकरोडला बैठा बंगला घ्यायचं ठरवलं, तेव्हा गच्ची तपासायला त्याने मलाच बोलावलं. मी बांधकामावर सुपरवायझर आहे. वीस वर्षं स्लॅब आणि कोबे पाहतोय. तो माझ्याहून सात वर्षांनी लहान, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर. मी दुसऱ्यांची इतकी घरं उभी केली, आणि स्वतः तीनमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्या डोक्यावर कोणाचं तरी स्वयंपाकघर आहे. साडूच्या डोक्यावर आता फक्त त्याची गच्ची असणार होती. मला ते सहन होत नव्हतं.

मार्चचं ऊन होतं. हातोडीच्या दांड्याने मी गच्चीचा कोबा ठोकत गेलो. सगळीकडे आवाज टणक, पण मागच्या कोपऱ्यात पोकळ आला. तिथेच कठड्याच्या बुडाशी पिंपळाचं रोप वरवर कापून चुना फासला होता. मूळ आतच होतं. खाली येऊन पाहिलं, तर त्या कोपऱ्याखालच्या खोलीत छताचा रंग बाकी घरापेक्षा ताजा. ती खोली साडूच्या आईसाठी ठरली होती. म्हातारीला दमा आहे.

खरं सांगतो, मला आनंद झाला.

काय करायचं ते मला पाठ होतं. गच्चीवरचं पाणी जाण्याच्या पाइपाचं तोंड पोत्याने बंद करायचं, गच्चीवर चार बोटं पाणी भरून दोन दिवस ठेवायचं आणि खालून छताकडे लक्ष ठेवायचं. उन्हाळ्यात सगळीच छतं कोरडी दिसतात, त्यामुळे याशिवाय दुसरा इलाज नसतो. पण पाणी भरलं असतं, तर गळती त्या एका कोपऱ्यापुरतीच आहे हे कळलं असतं. मालकाने ती नीट करून दिली असती आणि साडूला घर मिळालंच असतं, तेही पक्कं. म्हणून मी पाण्याचं नाव काढलं नाही. मान हलवून म्हणालो, "सगळा स्लॅबच गेलाय. या घराच्या नादी लागू नका."

साडूचा चेहरा उतरला. मेव्हणी माझ्याकडे बघत राहिली. निघताना तिने माझ्याबरोबर आलेल्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, भाऊजींना एवढं बरं का वाटलं? बायकोने हे मला घरी आल्यावर सांगितलं आणि ती भाजी निवडायला बसली.

त्यांनी घर घेतलं. माझ्या बोलण्यात मत्सर त्यांना दिसला होता, त्यामुळे त्यातलं खरं होतं तेही वाया गेलं. कोपरा कोणीच दुरुस्त केला नाही. वास्तुशांतीला मी आमरस दोनदा मागून घेतला, आणि पाहुणे गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगरांचं कौतुक करायला लागले तसा हात धुवायला उठलो.

जुलैत त्या छतावर आधी पिवळा डाग आला, मग बुरशी. म्हातारीचा दमा बळावला, चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. साडूचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "दादा, तुम्ही सांगितलं होतं. आम्हीच ऐकलं नाही." चूक झाली म्हणत होता, माझ्यापाशी.

पावसाने उघडीप दिली तसा मी गेलो. पोतं कोंबून गच्चीवर पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं म्हातारीच्या खोलीत छताकडे पाहत उभे होतो. ओल फक्त त्या कोपऱ्यात, सुपाएवढी. बाकी सगळं छत कोरडं ठणठणीत.

"एवढंच?" साडू म्हणाला. "तुम्ही तर सगळा स्लॅब गेलाय म्हणाला होता. हे पाणी तेव्हाच नसतं का भरता आलं?"

"तेव्हा सुचलं नाही."

मेव्हणी चहा घेऊन दारात उभी होती. शांतपणे म्हणाली, "सुचलं होतं, भाऊजी."

मी हो म्हणालो. तुमचं घर होऊ नये असं वाटत होतं, हेही सांगितलं. साडूने माझ्या हातात चहाचा कप दिला आणि वर जाऊन पोतं काढलं. पाइपातून पाणी पडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

तो कोपरा मी स्वतः फोडला, मूळ काढलं, नवा कोबा केला. म्हातारी पुन्हा तिच्या खोलीत झोपते. आता कोणी घर घेताना मला विचारलं, तर मी म्हणतो, आधी गच्चीवर दोन दिवस पाणी भरा, माझं मत नंतर विचारा. साडू मात्र काहीच विचारत नाही. दिवाळीनंतर त्याने गच्चीवर सोलर बसवला. कुठे बसवायचा, कोबा न फोडता कसा बसवायचा, हे त्याने त्याच्या कारखान्यातल्या एका माणसाला विचारलं. हे मी बायकोकडून काढून घेतलं. त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही. त्याचाही मला हेवा वाटतो.