सहा-सदतीस की सात-सदतीस

जब्बारचाचाच्या गॅरेजात एक कायदा होता. गाडी कुणाचीही असो, मागच्या चाकांमधल्या हौसिंगात कोणतं क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचा जोड, बसवायचं हे ड्रायव्हरनं सांगायचं. मालकाचं म्हणणं चाचा या कानानं ऐकायचा आणि त्या कानानं सोडून द्यायचा. बीड बायपासवर तीस वर्षं हा कायदा चालला, कुणाचं काही बिघडलं नाही. त्या मंगळवारी मात्र त्यानं संघपालला पेचात पकडलं.

संघपाल गारखेड्याचा. वय सत्तेचाळीस, चौदा टायरी गाडीवर ड्रायव्हर. जालन्याहून सळई भरायची, भिवंडीला उतरवायची, हे त्याचं काम. गाडी सगीराभाभींची. नवरा वारल्यावर या बाईनं दोन ट्रकांचा धंदा असा सांभाळला की भल्याभल्या मालकांनी तोंडात बोटं घातली. सोमवारी भरल्या गाडीचं क्राऊन बायपासवरच कोकलायला लागलं. उघडून पाहिलं तर दात झडलेले. मंगळवारी सकाळी भाभी रिक्षा करून गॅरेजात हजर.

"जुनं सहा-सदतीस हाय, पिनियनला दात सहा, क्राऊनला सदतीस," चाचा म्हणाला. "इंजिनाकडचा दांडा सहादा फिरतो तवा चाक एकदा फिरतं. जोर लई, पळ कमी. सात-सदतीस टाकलं तर दांडा पाचदाच फिरंल. गाडी मोकळी पळंल, डिझेल वाचंल, पण घाटात धापा टाकंल. बोल संघपाल, कोणतं टाकू?"

"घाट राहिलाच कुठं?" भाभी म्हणाल्या. "समृद्धीवर बोगदा झाला. सात-सदतीस टाका."

"भाभी, तुमी चा प्या. मी ह्याला इचारलंय."

संघपालचं ततपप झालं. कारण सगळी दुनिया घाटाला भिते आणि हा पठ्ठ्या भीत होता सरळ रस्त्याला. घाटात त्याला कधी पापणी जड झाली नाही. समृद्धीवर ना खड्डा, ना गुरं, ना आडवी येणारी म्हातारी. एप्रिलात भर दुपारी त्यानं लासूरची पाटी पाहिली आणि त्यानंतर पाहिली ती थेट वैजापूरची. मधला रस्ता त्याच्या डोक्यात नव्हताच. जाग आली तेव्हा गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर चालली होती. त्यानंतर आणखी एकदा तसंच झालं. तेव्हापासून तो दाढेखाली हिरवी मिरची धरून गाडी चालवायचा आणि मांडीला चिमटे काढायचा. मांडी काळीनिळी झाली होती.

घरी तो घोरायचा, आणि घोरता घोरता श्वास अडकून असा गप्प व्हायचा की बायको, रूपा, उठून त्याच्या नाकाशी हात धरायची. डॉक्टरकडे चला म्हणून ती रोज मागे लागायची. तो जात नव्हता. डॉक्टरनं गाडी बंद कर म्हटलं तर? बावीस वर्षांत स्टेअरिंगशिवाय त्याला दुसरं काही आलं नव्हतं.

जुन्या सहा-सदतीसनं एक उपकार केला होता. साठच्या वेगाला इंजिन दोन हजारांवर जाऊन बोंबलायचं, आणि त्या बोंबेनं तो निम्मा तरी जागा राहायचा. सात-सदतीस बसवलं की गाडी गप्प होणार. खरं सांगावं तर काम जाणार, लपवावं तर जीव जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"सहा-सदतीसच टाका," तो म्हणाला.

"का रं?"

"गाडीला सवय हाय."

"सवय? गाडी काय बैल हाय व्हय?" चाचा हसला. "माझ्याकडं जुना सात-सदतीसचा जोड पडून हाय. तो चढवतो. मग फेरी मारू, आणि तू सांग."

दुपारी अडीचला ते सावंगीहून समृद्धीवर चढले. सळई लादलेलीच होती. मिरची घ्यायला वेळ मिळाला नव्हता, आणि चाचासमोर चिमटे काढायची लाज वाटत होती. गाडी खरंच मोकळी झाली होती. साठला काटा सतराशेच्या आसपास, आणि आवाज कसला, घरातला पंखा फिरावा तेवढा.

"आता बोलू नको," चाचा म्हणाला. क्राऊन ऐकायची त्याची रीत ठरलेली होती. मान मागे टाकायची आणि डोळे मिटून मागच्या हौसिंगाकडे कान लावायचा. त्यानं डोळे मिटले. संघपालनं ते पाहिलं आणि तो मनात म्हणाला, मिटू नको रे बाबा, निदान तू तरी मिटू नको. पण बोलायची त्याला मनाई होती.

पुढं काय झालं ते त्याला कधीच सांगता आलं नाही. कडेच्या पट्ट्यावर चाकं घर्र घर्र वाजली. चाचाला वाटलं, पोरगा गाडी बाजूला घेतोय. त्यानं डोळे उघडले, तर समोर कठडा आणि शेजारी मान टाकलेला संघपाल. चाचानं बोंब मारून स्टेअरिंगवर झडप घातली. गाडी डुलली, सळई खडखडली, मागून आलेला टँकर हॉर्न देत अंगाला घासून गेला. गाडी थांबली तेव्हा कठडा आरशाला लागला होता. पस्तीस टन लोखंड आणि दोन माणसं, आणि मघाशी त्यांतल्या एकाचेही डोळे उघडे नव्हते.

चाचानं इंजिन बंद केलं.

"कितव्यांदा?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्यांदा."

"आणि मला दातं सांगतो व्हय रं, सुव्वर!" चाचाला एकदम रडू फुटलं. "घरी नातवंडं हायत माझी!"

परत येताना चाचानं स्वतः गाडी चालवली, चाळीसच्या वर नेलीच नाही. संघपाल शेजारी जीव मुठीत धरून बसला होता. डोळे मिटायचीसुद्धा त्याला भीती वाटत होती. गॅरेजात पोचल्यावर चाचानं चावी काढून त्याच्या हातात दिली आणि हात धुवायला निघून गेला. कायदा म्हणजे कायदा. सांगायचं ड्रायव्हरनंच.

"काय ठरलं?" भाभींनी विचारलं.

"सात-सदतीसच ठेवा, भाभी. गाडीला तेच बरोबर हाय." त्यानं चावी मुठीत घट्ट धरली. "फक्त मी चालवणार नाय. मला झोप लागते. तीनदा लागली. आज चाचा शेजारी असताना लागली."

भाभी हळू आवाजात म्हणाल्या, "बकरी ईदनंतर मी भिवंडीला बहिणीकडं गेले होते. तुझ्याच गाडीत. तुझ्या भरवशावर केबिनच्या मागच्या बाकावर पाय पसरून झोपले होते रे मी."

खोटं बोलायला जागा होती. बाई झोपेत होती, तिला काय कळणार?

"दुसऱ्यांदा तवाच लागली, भाभी."

भाभींनी ओढणी तोंडावर धरली. मग हात पुढे करून म्हणाल्या, "चावी."

संघपालनं हात पुढे केला, पण मूठ उघडेना. शेवटी जब्बारचाचानं जवळ येऊन त्याचं एकेक बोट सोडवलं.