शीलाबाईचे सोळा सोमवार

आमच्या केनवडच्या शीलाबाईचे सोळा सोमवार कधीच सोळाच्या पुढे गेलेत. किती पुढे, ते महादेवालाच ठाऊक. रीत अशी की सोळा झाले की सतराव्याला उद्यापन करायचं, जोडपी जेवू घालायची आणि व्रत देवाच्या पायाशी सोडायचं. शीलाबाईनं ते सोडलंच नाही.

व्रत धरलं ते नवऱ्याच्या दारूसाठी. भगवंतराव रिसोडच्या बाजारात वांगी, मेथी विकायला जायचे आणि टोपल्या रिकाम्या झाल्या की स्वतः भरून यायचे. हिनं महादेवाला साकडं घातलं. सोळा सोमवार पुरे व्हायच्या आत माणसानं दारू सोडली. मी म्हटलं, आता उद्यापन कर. ही आपली दर सोमवारी अळणी खातेच आहे.

त्यात सून शुभांगी ओसरीवर इंग्रजीची शिकवणी घेते. एकदा मी तिथंच बसले होते. पोरांकडून ती एक शब्द घोकून घेत होती, ऑनगोइंग. शीलाबाईनं मेथी निवडता निवडता विचारलं, "म्हंजे काय वं?"

"सुरू झालं, अजून चालू आहे, संपलेलं नाही असं," शुभांगी म्हणाली. "लढाई, औषधपाणी, चौकशी, अशा लांबत जाणाऱ्या गोष्टींना लावतात. चुलीवर दूध तापतंय, त्याला नाही लावत."

"आन व्रताले?"

"लागतो की."

झालं! इतकी वर्षं बाईला जे सांगता येत नव्हतं, ते एका शब्दात मिळालं. त्या दिवसापासून जावेशी भांडण ऑनगोइंग, गुडघ्याचं दुखणं ऑनगोइंग. कोणी उद्यापनाचं काढलं की मान उडवून म्हणायची, "माहं व्रत ऑनगोइंग हाये."

आम्ही हसायचो. भगवंतरावांना मात्र ते झोंबायचं. पारावर गावातला टवाळखोर इंद्रभान त्यांना मुद्दाम विचारायचा, "काय भगवंतराव, बाईचा सोमवार चालूच का? म्हंजे तुमचंबी चालूच असंन!"

एक दिवस ते माझ्याकडंच आले. "वैनी, तुमी तरी सांगा तिले. उद्यापन होत नाही तोवर गाव मले बेवडाच समजन. म्या सोडली, हे तिनं चारचौघांत मानलं पायजे का नाही?"

मी शीलाबाईला गाठलं. ती म्हणाली, "अवं, काम झालं म्हनून महादेवाले सांगतलं, आन तो निंगून गेला तं?"

"महादेव का गवंडी हाये, एक काम झालं का दुसऱ्याच्या घरी जायाले?"

ती हसली, पण कबूल काही झाली नाही.

मग भगवंतरावांनीच गुरुजींना विचारून उद्यापनाचा सोमवार ठरवला आणि गावात जोडप्यांना आवतनं देऊन आले. इंद्रभानला तर सगळ्यात आधी. शीलाबाई धुसफुसली, पण माणसं बोलावलेली म्हटल्यावर करते काय? पहाटेपासून तुपागुळाचा चुरमा केला, पुऱ्या लाटल्या. भगवंतराव नवं धोतर नेसून नवरदेवासारखे हिंडत होते.

पूजा झाली. दोघं पाटावर शेजारी बसलेले. गुरुजींनी भगवंतरावांच्या ओंजळीत पाणी घातलं, शीलाबाईला त्यांच्या हाताला हात लावायला सांगितलं. "म्हणा, ज्यासाठी व्रत धरलं ते पूर्ण झालं. आणि सोडा पाणी."

पाणी बोटांच्या फटीतून ठिबकायला लागलं.

"म्हणा की," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, देवापुढं खोटं कसं म्हनू?" भगवंतराव म्हणाले. "पेत नाही, हे खरं. पन बाजाराच्या दिशी दारूच्या त्या गल्लीवरून येतो तं पाय अजून जड होतेत."

शुभांगीनं मान खाली घातली. मला वाटलं, आता ही बाई पेटणार, इतक्या लोकांत. पण शीलाबाईनं त्यांची ओली ओंजळ आपल्या पदरानं पुसली.

"मंग एवढी घाई काहून केली? मले आधीच सांगाचं होतं."

"लाज वाटली."

"लाज नाही त्याची. तिथूनबी घरीच येता नं?" मग ती गुरुजींकडं वळली. "राहू द्या, महाराज. उद्यापन नाही."

गुरुजी गोंधळले. "अहो, मग हा स्वयंपाक?"

"व्रत चालू असतानी देव जेवत नाही का? बसवा पंगत!"

पानं मांडली गेली. आता इंद्रभान काहीतरी बोलणार म्हणून मी त्याच्याकडं डोळे वटारून बसले होते. तो चुरम्याकडं बघत म्हणाला, "भगवंतराव, इकडं आना. तिकडंच काय वाढून राह्यले?"

भगवंतराव पातेलं घेऊन आले आणि त्याच्या पानात डोंगर केला. "बस, बस," म्हणत इंद्रभाननं हात आडवा धरला, तर त्याच्या हातावरही वाढला. शीलाबाई खांबाला टेकून बघत होती. असं पोटभर हसताना मी तिला फार वर्षांनी पाहिलं.