धुऊनपुसून काढलेला फोटो

"थांबा राव, गिऱ्हाइकाचा भांग नीट करू द्या!" असं म्हणून आमचे फोटोग्राफर स्नेही चिखलात सरळ पालथे पडायचे. गिऱ्हाईक म्हणजे कुत्र्याची छत्री.

घोडेगावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. जन्मभर पासपोर्टचे फोटो काढून कंटाळलेला हा गृहस्थ पावसाळ्यात डोंगराकडे पळायचा. मोटारसायकल माझी, म्हणून मीही. एकदा कुजक्या ओंडक्यावर पिवळंधमक, बुरशीसारखं काहीतरी पसरलेलं दिसलं. मला वाटलं, कुणी पिठलं सांडलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर ते वीतभर पुढं सरकलेलं! "चालतंय की वो हे!" ते हरखून गेले. तुम्ही बघितलंय कधी असलं काही चालताना?

खोड एकच, स्टुडिओतली सवय सुटेना. छत्रीवरचे ठिपके ओल्या रुमालानं पुसायचे, बुडखा जमिनीलगत चाकूनं कापायचा, मगच फोटो. "चेहरा स्वच्छ पायजे." मी मान डोलवायचो. दोघेही शहाणे!

एका श्रावणात असाच एक फोटो त्यांनी गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'अळंबी आली'. दुसऱ्या दिवशी त्याच जागी गेलो आणि शेजारची तसलीच छत्री सहज मुळापासून उकरली, तर बुडाशी पांढरी वाटी. खाण्याची अळंबी वारुळावर उगवते, तिचं मूळ लांबलचक आत गेलेलं असतं. ठिपकेवाल्या, वाटीवाल्या पुष्कळ जाती विषारी. त्यांचा चेहराच उतरला.

"ठिपकं मीच पुसलं राव. कापताना वाटी मीच मातीत ठेवली."

मोबाइल उघडला तर डोंगरातल्या एका ओळखीच्या वहिनींचा मेसेज, 'आमच्या बांधावर बी हीच हाय. आज रस्सा.' फोन लागेना. मी गाडी जीव खाऊन पळवली. मागून एकच घोशा, "हाणा राव, हाणा!"

पोचलो तेव्हा वहिनींच्या सासूबाईंचं ताट वाढून झालं होतं. यांनी ताट उचललं, पातेलं उचललं आणि सगळं उकिरड्यावर ओतलं.

"आवो भाऊ, तुमीच तर फोटू टाकला!" वहिनी ओरडल्या.

"माझा फोटू खोटा हाय, वहिनी." अंगणात उभ्याउभ्या रडले हो ते. मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि तेवढीच मायाही वाटली.

मग बांधावर जाऊन उकरलं. खाली वारूळ, मूळ हातभर लांब. अळंबी खरीच निघाली! "चांगला रस्सा घालवला माझा!" म्हणत वहिनींनी जे झापलं! हे आपले डोळे पुसत हसत होते.

पण त्यानंतर एकाही फोटोखाली त्यांनी छत्रीचं नाव लिहिलं नाही. ओळखायला सांगितलं की "मला काय ठावं?" मी चिडवून पाहिलं, भांडून पाहिलं. छे!

गेल्या श्रावणात स्टुडिओ बंद करून ते कायमचे लेकीकडे नाशिकला निघाले. आदल्या दिवशी वहिनी एसटीनं घोडेगावात आल्या. डब्यात रस्सा आणि कागदाच्या पुडीत मातीनं भरलेली मुळं.

"बघा आन् मगच जेवा."

चष्मा लावून त्यांनी एकेक मूळ चाचपलं. मातीचा एक कणही न पुसता फोटो काढला. खाली लिहिलं, 'अळंबी'. बोट मात्र तिथंच थबकलं. फोन त्यांनी वहिनींपुढं धरला.

"तुमी सांगा. पाठवू?"

"पाठवा भाऊ. रस्सा गार व्हतोय."

फोटो ग्रुपवर गेला. मग ते जेवायला बसले आणि त्यांचं ताट रिकामं होईपर्यंत वहिनी समोरून हलल्या नाहीत.